संघप्रियाच्या खोलीत पाच वाजलेच नाहीत

१

मुलांनो, एक घर मनात आणा. पाच खोल्यांचं. प्रत्येक खोलीला आपलं दार आहे, आपली किल्ली आहे, भिंतीवर आपलं घड्याळ आहे. एका खोलीत बसलेल्याला शेजारच्या खोलीतलं काही दिसत नाही की ऐकू येत नाही. प्रत्येकाला वाटतं, घर म्हणजे एवढंच, आणि ते माझं.

आणलंत मनात? आता ते अख्खं घर टेबलाखालच्या एका काळ्या पेटीत ठेवा.

नेरूळच्या एका अभ्यासिकेत अशी पेटी होती. पेटी म्हणजे एक दणकट संगणक. त्याच्या पोटात आणखी पाच संगणक चालत. त्या पाचांना हात लावता येत नसे, कारण ते लोखंडाचे नव्हते. मोठ्याच्या बुद्धीतला आणि आठवणीतला थोडा थोडा वाटा घेऊन ते जगत. शिकलेली माणसं त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आणि त्यांना पोटात घेणाऱ्याला होस्ट, म्हणजे यजमान. अभ्यासिकेतली मुलं सरळ घर आणि खोल्या म्हणत. पाच पडदे, पाच मुलं, पाच खोल्या. ज्याचा त्याचा पासवर्ड हीच खोलीची किल्ली.

खिडकीजवळची खोली संघप्रियाची होती. तिला आई नव्हती. वडील, भगवान, मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. न्हावा शेव्याहून जहाज सुटलं की ते समुद्राचे, आणि ती सुचिता आत्याची. आत्या दिवसभर पॅथॉलॉजीत ड्युटीवर असे, म्हणून बापलेकीचं बोलणं या खोलीतूनच व्हायचं. जहाज एखाद्या बंदराला लागलं की भगवान निरोप पाठवत: अमुक दिवशी, अमुक वाजता पडद्यासमोर बस. मग जहाज पुन्हा खोल समुद्रात, आणि पुन्हा कितीतरी दिवस काही नाही.

त्या डिसेंबरात निरोप आला होता: शनिवारी संध्याकाळी पाच वाजता.

शनिवारी शाळा लवकर सुटली. संघप्रिया वेणी नवीन घालून आली, कानाला हेडफोन लावले आणि बसली. खिडकीचा पडदा ओढलेला होता. तिच्या खोलीतल्या घड्याळात पाचाला अजून खूप अवकाश होता. ती वाट पाहत राहिली. वाट पाहण्यात तिचा हात कोणी धरला नसता.

आत्या तिला न्यायला आली तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

"झालं बोलणं?"

"अजून पाच कुठं वाजलेत?"

आत्यानं तिला आपला फोन दाखवला. सहा होऊन गेले होते. फोनवर भगवानचा आवाज भरून ठेवलेला होता: "माय, मी वाजवत राहिलो. तू आलीच नाहीस. रागावलीस का माझ्यावर? आता जहाज सुटतंय."

२

आत्यानं मारलं नाही की ओरडलीही नाही. फक्त म्हणाली, "कुठं खेळत होतीस ते तरी सांग." आणि ते संघप्रियाला जास्त लागलं. ती एकच वाक्य बोलत राहिली: माझ्या खोलीत पाच वाजलेच नाहीत. हे वाक्य ज्यानं ऐकलं, त्यानं बहाणा म्हणून सोडून दिलं.

सोमवारी अभ्यासिका भरली होती. संघप्रिया आत आली, आपल्या पडद्याकडे गेलीच नाही. ती शेजारच्या खुर्चीसमोर उभी राहिली. तिथं तूबा बसली होती, तिची मैत्रीण. म्हणजे एकच मैत्रीण. संघप्रियाला दुसरी नव्हती.

"हिनं माझा तास चोरला," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "शनिवारी दुपारी ही इथं एकटी होती. हिला माझा पासवर्ड माहीत आहे, हिनं माझं घड्याळ मागं केलं. माझे बाबा आले की मी हिच्याशी बोलत नाही, हे हिला आवडत नाही. तसं म्हणाली पण होती."

 तूबानं दप्तर उचललं आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

झहूर परकार सर या अभ्यासिकेत गणित शिकवत. शाळेतून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, मुलगी सहर परदेशात. घरी एका माणसाचा भात शिजवायचा तर पातेलं मोठं आणि तांदूळ थोडे, म्हणून ते बहुतेक पोळीच खात. मुलांमध्ये बसलं की त्यांना बरं वाटे. तूबाची खुर्ची रिकामी दिसली की ते बेचैन होत. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी संघप्रियाला थांबवलं.

"तुला बाबांचं बोलणं हुकल्याचं दुःख जास्त, की तूबा गेल्याचं?"

तिनं दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "बाबा येतील ना परत कधीतरी. तूबानं केलं असेल तर ती नाही येणार. मीच नाही येऊ देणार."

"आणि केलं नसेल तर?"

 

३

सरांनी आधी तिलाच विचारलं. शनिवारी खोली उघडली तेव्हा आत काय होतं? संघप्रिया म्हणाली, काही नाही, आदल्या दिवशी तिनं बाबांसाठी लिहायला घेतलेलं वाक्य होतं. "बाबा, माझे केस आता" एवढं टाइप करून ती उठली होती, जतन न करता. शनिवारी ते तसंच होतं, शेवटच्या अक्षरापुढे रेघ लुकलुकत होती.

"आता आहे?"

आता नव्हतं. रविवारी सकाळी कुठल्याच खोलीतून इंटरनेट लागेना, तेव्हा सरांनी स्वानंदला फोन केला होता. स्वानंद म्हणजे ज्यानं ही पेटी मांडून दिली तो इंजिनियर, हल्ली पुण्याला असतो. त्याच्या सांगण्यावरून सरांनी पेटी पूर्ण बंद करून पुन्हा चालू केली. नेट आलं, घड्याळं बरोबर झाली. पण संघप्रियाचं अर्धं वाक्य गेलं, आणि मागं गेलेल्या घड्याळाचा पुरावाही गेला. आता उरली फक्त माणसं.

पहिला माणूस गोटीराम. तो अभ्यासिकेचं कुलूप उघडायचा, झाडायचा, पाणी भरायचा. पूर्वी कळंबोलीत लोखंड बाजाराजवळ, ट्रक उभे राहतात तिथं, त्याचं चहा-बिस्किटांचं दुकान होतं. "दुकान वाढवलं आणि इकडं आलो," असं तो सगळ्यांना सांगे. मुलांना याचं कोडं होतं. त्यांच्यातला शादाब म्हणायचा, काकांचं दुकान एवढं वाढलं, एवढं वाढलं, की त्यात काकाच मावेनात.

पेटीवर स्वानंदनं पाटी चिकटवली होती: मशीन बंद करू नये. सरांनी गोटीरामला विचारलं, शनिवारी दुपारी मशीन बंद केलं होतं का.

"नाय सर. पाटी हाय ना तिथं. वाचता येतं मला."

"वीज गेली होती म्हणतात."

"गेली होती. जेवणाच्या टायमाला. पण ती बॅटरी हाय ना खाली, टूं टूं करते ती. मशीनला काय पण झालं नाय. बंद पडलंच नाय ते."

त्याच्या चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती. सरांनी आयुष्यभर खोटं बोलणारी मुलं पाहिली होती. हा माणूस खरं बोलत होता.

दुसरा शादाब. सहावीतला, बोलका. त्याची खोली संघप्रियाच्या पलीकडची. त्यानं आपल्या खोलीत नमाजाच्या वेळा सांगणारं घड्याळ बसवलं होतं. वेळ झाली की, जसं दुपार कलताना असरच्या नमाजाची, ते हळू आवाजात अजान देई. शनिवारी काही विचित्र दिसलं का, असं विचारल्यावर तो आधी नाही म्हणाला आणि मग हसत सुटला.

"सर, माझी अजान वेडी झालीय. मी मशिदीत असरची नमाज पढून आलो, बसलो, चित्र पुरं केलं, आणि मग ही बया देतेय असरची अजान. मी म्हटलं, बाई, उठलीस का?"

"कुठलं चित्र?"

"ते आधीच काढत होतो. अर्धं होतं, पुरं केलं."

"जतन केलेलं होतं?"

शादाबनं जीभ चावली. सर जतन करा, जतन करा असं रोज सांगत, आणि तो कधी करत नसे.

तिसरी तूबा. तिच्या घरी सर स्वतः गेले. सेक्टरच्या टोकाला, खाडीच्या बाजूला, चौथ्या मजल्यावर. तिच्या आईनं चहा ठेवला. तूबा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, आत आली नाही.

ती म्हणाली, ती शनिवारी दुपारी होती तिथं, सकाळची शाळा असते म्हणून. वीज गेली. थोड्या वेळानं गोटीरामकाका आत आले आणि तिला घरी जायला सांगितलं.

"काय म्हणाले? अगदी जसंच्या तसं सांग."

"म्हणाले, बेटा, मशीन वाढवतो आता, तू जा घरी." तिनं नाक ओढलं. "मला वाटलं, खोल्या मोठ्या करतायत. आपल्या खोल्या स्लो चालतात ना, स्वानंददादा म्हणाला होता मेमरी वाढवून देतो. म्हणून मी खाली थांबले, प्रिया आली की तिला सांगायला. सांगितलं तिला, तुझी खोली मोठी झालीय बघ. मला वाटलं तिला आनंद होईल."

"हे तू सोमवारी का नाही बोललीस?"

"तिनं विचारलंच नाही. तिनं सांगितलं सगळ्यांना."

जिन्यावरून उतरताना सरांनी स्वानंदला फोन लावला. गोटीरामला मेमरी वाढवायला सांगितलं होतं का? स्वानंद म्हणाला, छे, तो सुटा भाग असतो, तो अजून विकतही घेतलेला नाही. गोटीराम मशीनचं काही वाढवूच शकत नाही.

म्हणजे दोघांपैकी एक खोटं बोलत होतं. गोटीराम नव्हता, हे सरांनी पाहिलं होतं. आणि तूबा नव्हती, हेही आत्ताच पाहिलं होतं.

४

घरी गेलं की सरांना दिव्याचं बटण दाबण्याआधी एक क्षण थांबायची सवय होती. आत कोणी आहे का, असं ऐकायची. कोणी नसतंच. त्या संध्याकाळी ते घरी गेलेच नाहीत, चालत राहिले.

विचार साधा होता. संघप्रियाचं घड्याळ मागं पडलं, आणि शादाबचंही मागं पडलं. तेवढंच. एका खोलीतलं घड्याळ कोणी मुद्दाम फिरवू शकतं. दोन खोल्यांतली फिरवायची तर दोन किल्ल्या हव्यात. तूबाला शादाबचा पासवर्ड माहीत नव्हता, आणि शादाबचं घड्याळ बिघडवून तिला मिळणार काय होतं? मग घड्याळं कोणी फिरवलीच नाहीत. जे झालं ते खोल्यांना नाही, घराला झालं.

घर बंद पडलं होतं का? नाही. बंद पडलं असतं तर अर्धं वाक्य आणि अर्धं चित्र पुसलं गेलं असतं. रविवारी बंद केलं, तेव्हा वाक्य पुसलं गेलंच. शनिवारी दोन्ही जिथल्या तिथं होती, लुकलुकणाऱ्या रेघेसकट. म्हणजे घर बंद नव्हतं आणि चालूही नव्हतं. असं काय असतं, जे दोन्ही नसतं?

सर नेरूळच्या बाजारात पोचले होते. घरी डाळ संपली होती. किराण्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. सर वाकून म्हणाले, पाव किलो तूरडाळ मिळेल का?

आतून म्हातारा दुकानदार म्हणाला, "सर, आता दुकान वाढवलं. उद्या या."

सर तिथंच उभे राहिले. दुकानदाराला वाटलं, रागावले. त्यानं शटर पुन्हा वर करून डाळ बांधून दिली. सरांनी पिशवी घेतली आणि आभार मानायचंही विसरले.

५

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बसवलं. तूबाला बोलावलं होतं, पण तिची खुर्ची रिकामीच होती. शेजारच्या विहारातून वंदनेचा आवाज येत होता, तो थांबेपर्यंत सर थांबले. मग त्यांनी शादाबला विचारलं, नारळ वाढवतात म्हणजे काय करतात?

"फोडतात."

"मोठा नाही करत?"

मुलं हसली.

"बांगडी वाढवली म्हणजे?"

"काढली. किंवा फुटली," एक मुलगी म्हणाली. "आमची आजी बोलते. फुटली म्हणायचं नसतं."

"बरोबर. जे जाऊ नये असं वाटतं, त्याला जुनी माणसं गेलं म्हणत नाहीत. फुटलं, संपलं, बंद झालं, असले शब्द तोंडातून काढायचे नाहीत. म्हणून नारळ वाढवतात, बांगडी वाढवतात, आणि दुकान?"

 शादाबच्या तोंडाचा आ झाला आणि तो गोटीरामकडे वळला. "काका, म्हणजे तुमचं दुकान बंद झालं?"

गोटीराम दारात झाडू घेऊन उभा होता. त्यानं मान हलवली. "रस्ता रुंद झाला, ट्रक थांबायचे बंद झाले. कोण पिणार चहा? वाढवलं मग." तो बंद हा शब्द ट्रकबद्दल बोलला, दुकानाबद्दल नाही.

सरांनी हलक्या आवाजात विचारलं, "गोटीराम, शनिवारी दुपारी वीज गेल्यावर तुम्ही मशीन वाढवलं होतं का?"

"हो," गोटीराम लगेच म्हणाला. "ती बॅटरी टूं टूं करायला लागली ना. स्वानंदसायबांनी मागं सांगितलेलं, लाइट गेली तर बंद नका करू, ते चंद्राचं बटण दाबा, कीबोर्डवरचं. मशीन गप होतं. लाइट आली की परत दाबायचं. दुपारी दुकानाचं पण आमी तसंच करायचो, शटर अर्धं खाली. लाइट आल्यावर दाबलं मी, उठलं मशीन. का, सर? चुकलं काय?"

"तुमचं नाही. मी चुकीचा शब्द विचारला. आणि तूबाला वाटलं, तुम्ही खोल्या मोठ्या करताय."

मग सर संघप्रियाकडे वळले, आणि तिला समजेल असं, सावकाश सांगितलं. चंद्राचं बटण दाबलं की घर झोपतं. घर झोपलं की आतल्या पाचही खोल्या जिथं असतील तिथं थिजतात. कोणाचं वाक्य अर्धं, कोणाचं चित्र अर्धं. घर उठलं की त्याही उठतात आणि पुढचं अक्षर लिहायला तयार असतात. पण मध्ये आपण झोपलो होतो, हे खोलीला माहीत नसतं. तिच्या लेखी एक क्षणही गेलेला नसतो. तिचं घड्याळ जिथं थांबलं तिथूनच पुढे चालतं. बाहेरच्या इंटरनेटला विचारून ते सुधारलं असतं, पण झोपेत तो धागाच तुटला होता आणि खोलीला वाटत होतं की तो आहे. तो तुटला म्हणून बाबांची घंटाही आत पोचली नाही.

"तुझ्या खोलीत पाच वाजलेच नव्हते," सर म्हणाले. "तू खरं बोलत होतीस. घरानं खोलीला खरी वेळ सांगितली नाही, आणि खोलीनं तुला."

संघप्रियाला इतके दिवस हेच ऐकायचं होतं. तू खरं बोलत होतीस. पण तिचं तोंड उजळलं नाही. ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत होती.

"मग तूबा खाली थांबली होती ती मला खोली मोठी झाली म्हणून सांगायला?"

"हो."

"उन्हात?"



आत्याला सरांनी फोन करून सगळं सांगितलं. आत्या रडली, आणि म्हणाली, भगवानला आत्ताच निरोप भरून ठेवू, जहाज बंदराला लागलं की त्याला ऐकू येईल. तिनं फोन संघप्रियाच्या हातात द्यायला सांगितलं. पण संघप्रियानं तो घेतला नाही. बाबांना नंतर, ती म्हणाली, आणि चपला घालायला लागली. सरांनी विचारलं, मी येऊ का बरोबर? ती नको म्हणाली.

६

तूबाच्या इमारतीला लिफ्ट होती, पण संघप्रिया जिन्यानं गेली. चौथ्या मजल्यावर समोरासमोर चार दारं होती. तिनं तूबाच्या दाराची बेल वाजवली. आतून पावलं आली, दाराच्या भिंगाशी थांबली, आणि परत गेली.

तिनं पुन्हा बेल वाजवली. या वेळी पावलंही आली नाहीत.

संघप्रियाला कुजबुजत माफी मागता आली असती. दाराच्या फटीतून चिठ्ठी सरकवता आली असती. पण तिनं तूबाला चोर म्हटलं होतं ते सगळ्यांसमोर, मोठ्यानं. ती जिन्याच्या मधोमध उभी राहिली, दोन्ही हात शिवून घेतल्यासारखे अंगाशी धरले, आणि तशाच मोठ्या आवाजात बोलायला लागली.

"तूबानं काही चोरलं नाही. मी खोटं बोलले. मला माहीत नव्हतं, तरी मी सांगितलं. वीज गेली होती, आणि घर झोपलं होतं..."

शेजारचं दार उघडलं. एक आजोबा बनियनवर बाहेर आले. वरच्या मजल्यावरून कोणीतरी वाकून पाहिलं. खालून एका बाईनं विचारलं, काय झालं गं पोरी, कुणाची हायस तू? संघप्रिया थांबली नाही. चंद्राचं बटण, शादाबची अजान, नारळ, दुकान, सगळं तिनं सांगितलं, आणि तूबा खाली उन्हात उभी होती तेही सांगितलं. एकामागून एक तीन दारं उघडली.

चौथं उघडलं नाही.

आजोबा म्हणाले, बेटा, घरी कोणी नसेल, उद्या ये. संघप्रियानं मान हलवून नाही म्हटलं. तिनं ओढणीनं नाक पुसलं, घसा साफ केला, आणि त्या बंद दाराकडे तोंड करून पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.